सहा मिलिग्रॅम, दहा दिवस

सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला असा बेताल प्रतिसाद, की त्यात शरीराचेच अवयव निकामी होऊ लागतात. संसर्गाचे मूळ फुप्फुसात असो, मूत्रमार्गात असो की बाळंतिणीच्या गर्भाशयात, पुढचा क्रम साधारण सारखाच असतो. रक्तदाब उतरतो, लघवी कमी होते, श्वास वाढतो, माणूस बरळू लागतो. रुग्ण दगावतो तो केवळ जंतूंमुळे नव्हे, त्यांच्याशी लढताना सैरभैर झालेल्या स्वतःच्या प्रतिकारयंत्रणेमुळेही. मग ही यंत्रणा शांत करणारे स्टेरॉइड अशा रुग्णाला द्यावे की नाही, हा प्रश्न वैद्यकासमोर सत्तर वर्षे उभा आहे आणि त्याचे उत्तर या काळात अनेकदा बदलले. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या डॉक्टरांना तो रोज, खाटेगणिक सोडवावा लागला. गंभीर कोविड हा विषाणूमुळे होणारा सेप्सिसच होता.

स्टेरॉइडचा औषध म्हणून जन्म आणि मराठवाड्याचे स्वातंत्र्य एकाच आठवड्यातले आहेत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. त्यानंतर चौथ्या दिवशी, २१ सप्टेंबरला, अमेरिकेत रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांच्या देखरेखीखाली संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला ‘कंपाउंड ई’ नावाच्या द्रव्याचे पहिले इंजेक्शन मिळाले. काही दिवसांतच ती चालू लागली. हेच पुढे कॉर्टिसोन म्हणून ओळखले गेले. १९५० मध्ये हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउस राइखश्टाइन यांना या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्या दशकाच्या अखेरीस डेक्सामेथासोन आले. ते नैसर्गिक कॉर्टिसोलच्या सुमारे पंचवीसपट प्रभावी, स्वस्त आणि साठवायला सोपे होते.

सेप्सिसशी या औषधाचा संबंध जोडला गेला तो मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींमुळे. रूपर्ट वॉटरहाउस यांनी १९११ मध्ये आणि कार्ल फ्रिडरिक्सन यांनी १९१८ मध्ये अशा बालकांची वर्णने केली होती, जी तीव्र जंतुसंसर्गात काही तासांत दगावली आणि ज्यांच्या या ग्रंथींत रक्तस्राव झालेला आढळला. कॉर्टिसोल याच ग्रंथींत तयार होते. संकटात ते कमी पडत असेल तर बाहेरून पुरवावे, हा तर्क सरळ होता. अडचण मात्रेची होती, आणि ती कळायला बरीच वर्षे व बरेच प्राण खर्ची पडले.

स्टेरॉइड पेशीत शिरून तिच्या केंद्रकापर्यंत पोहोचते आणि दाह पेटवणाऱ्या जनुकांना आवर घालते. इंटरल्युकिन-६, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर यांसारख्या संदेशद्रव्यांचे उत्पादन घटते. ढिल्या पडलेल्या रक्तवाहिन्या त्यांना आकुंचित करणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिनला पुन्हा दाद देऊ लागतात, त्यामुळे रक्तदाब सावरतो. दुसरीकडे लिम्फोसाइट पेशी कमी होतात, इओसिनोफिल जवळजवळ दिसेनाशा होतात, आणि जंतूचा तुकडा इतर पेशींना ‘दाखवण्याचे’ काम करणाऱ्या मोनोसाइट पेशींवरील एचएलए-डीआर हे प्रथिन घटते. लॅबच्या साध्या सीबीसी रिपोर्टवरही हे बदल दिसतात. डेक्साच्या दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशींचा आकडा वाढलेला दिसतो आणि नातेवाईक घाबरतात. प्रत्यक्षात रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या न्यूट्रोफिल पेशी सुटून प्रवाहात आल्यामुळेही तो वाढतो. याच्या उलट धोका अधिक गंभीर असतो. ताप उतरतो, भूक लागते, रुग्ण तरतरीत दिसतो आणि आत जंतू मात्र वाढतच राहतो. औषध आणि अपाय यांतले अंतर इथे फार थोडे आहे, आणि पुढचा सारा इतिहास त्या अंतरातच घडला.

१९६३ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या एका गटाने गंभीर संसर्गात स्टेरॉइडचा फायदा होत नसल्याचे दाखवले होते. तरीही १९७६ मध्ये विल्यम शुमर या शल्यचिकित्सकाच्या अभ्यासाने पारडे उलटे फिरवले. सेप्टिक शॉकच्या, म्हणजे सेप्सिसने रक्तदाब कोसळलेल्या, १७२ रुग्णांत स्टेरॉइड मिळालेल्यांचा मृत्युदर १०.४ टक्के आणि न मिळालेल्यांचा ३८.४ टक्के असा तो निष्कर्ष होता. मात्रा होती मेथिलप्रेडनिसोलोन, किलोमागे ३० मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला एका वेळी १,८०० मिलिग्रॅम! आजच्या हिशेबाने ती शॉकमधल्या रुग्णाच्या दिवसभराच्या मात्रेच्या ४५ पट भरते. दहा वर्षे जगभर हीच पद्धत चालली. १९८७ मध्ये रॉजर बोन यांच्या ३८२ रुग्णांच्या चाचणीने आणि अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या दुसऱ्या चाचणीने तिला पूर्णविराम दिला. फायदा तर नव्हताच, आणि बोन यांच्या चाचणीत नंतर जडलेल्या दुसऱ्या संसर्गाने झालेले मृत्यू स्टेरॉइडच्या गटात जास्त होते. प्रतिकारशक्ती इतकी दडपली की पुढचा जंतू आयताच आत शिरतो, हे त्या आकड्यांत प्रथम स्पष्ट झाले.

नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते १९८८ मध्ये, म्हणजे हा निकाल ताजा असताना. त्यामुळे तिथल्या पहिल्या तुकड्यांनी सेप्सिसमध्ये स्टेरॉइड टाळावे हेच शिकणे स्वाभाविक होते. गावोगावच्या ओपीडीत मात्र वेगळा प्रवाह सुरू होता. ताप, अंगदुखी, दमा, खाज, ॲलर्जी यांवर ‘एव्हिल-डेक्सा’ची सुई ठरून गेलेली होती. तिने आराम लगेच पडतो आणि पैसेही फार लागत नाहीत. ज्या मजुराला उद्या पुन्हा ऊसतोडीला किंवा शेतात जायचे आहे, त्याला हाच हिशेब पटतो, आणि त्यासाठी त्याला दोष देण्यात अर्थ नाही. या सवयीमुळे स्टेरॉइड हे जपून वापरायचे औषध आहे ही जाणीव समाजात रुजलीच नाही. तिचे परिणाम पुढे दिसायचे होते.

नवा टप्पा २००२ मध्ये सुरू झाला, आणि लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही त्याच वर्षीचे. आज ते विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. त्या वर्षी फ्रान्समधले जिलाली अनान यांनी १९ अतिदक्षता विभागांतल्या ३०० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हायड्रोकॉर्टिसोन दर सहा तासांनी ५० मिलिग्रॅम, सोबत फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी, असे सात दिवस. ज्यांच्या अधिवृक्क ग्रंथी चाचणीला पुरेसा प्रतिसाद देत नव्हत्या, त्यांच्यातला मृत्युदर ६३ वरून ५३ टक्क्यांवर आला. प्रचंड मात्रेची जागा आता शरीर संकटात स्वतः जितके कॉर्टिसोल बनवते साधारण तितक्याच मात्रेने घेतली.

या छोट्या मात्रेने प्रतिकारशक्तीचे काय होते, याचे नेमके उत्तर जर्मनीतल्या डिडियर केह यांनी २००३ मध्ये दिले. या विषयावरचा हा अभ्यास विशेष मोलाचा आहे, कारण त्यात तेच रुग्ण तीन दिवस हायड्रोकॉर्टिसोनवर आणि तीन दिवस प्लासिबोवर, म्हणजे औषध नसलेल्या द्रव्यावर, होते आणि तुलना ज्याची त्याच्याशीच झाली. चाळीस रुग्णांत रक्तदाब वाढला, नॉरॲड्रेनॅलिनची गरज घटली, इंटरल्युकिन-६ आणि ८ उतरले. एचएलए-डीआर कमी झाले, पण तळाला गेले नाही, आणि मोनोसाइट पेशींची जंतू गिळण्याची क्षमता उलट वाढली. म्हणजे योग्य मात्रेतले स्टेरॉइड प्रतिकारशक्ती सरसकट मारत नाही, तिचा तोल बदलते. औषध एकदम थांबवल्यावर दाह आणि रक्तदाबाची घसरण दोन्ही उसळून परत आल्याचेही त्यांनी नोंदवले.

वाद तेवढ्यावर मिटला नाही. २००८ मध्ये युरोपातल्या ४९९ रुग्णांच्या ‘कॉर्टिकस’ चाचणीत शॉक लवकर सुटला, पण जीव वाचण्यात फरक पडला नाही आणि नव्या संसर्गांचे प्रमाण वाढलेले दिसले. २०१८ मध्ये दोन मोठ्या चाचण्या एकाच वेळी आल्या. ऑस्ट्रेलियात काम करणारे भारतीय वंशाचे बालसुब्रमण्यन व्यंकटेश यांच्या ‘ॲड्रिनल’ चाचणीत ३,६५८ रुग्णांचे विश्लेषण झाले. ९० दिवसांतला मृत्युदर स्टेरॉइड घेणाऱ्यांत २७.९ आणि न घेणाऱ्यांत २८.८ टक्के, म्हणजे जवळपास सारखाच. अनान यांच्या १,२४१ रुग्णांच्या चाचणीत मात्र तो ४३.० विरुद्ध ४९.१ टक्के असा उतरला. दोन्हींत शॉकमधून बाहेर येणे लवकर झाले, हा समान धागा उरला.

दरम्यान सेप्सिसची कल्पनाच बदलत होती. आधी दाहाचा भडका आणि मग प्रतिकारशक्तीचा थकवा असा दोन टप्प्यांचा क्रम मानला जाई. अमेरिकेत सेंट लुईस येथे रिचर्ड हॉचकिस यांच्या गटाने अतिदक्षता विभागात सेप्सिसने दगावलेल्या ४० रुग्णांच्या प्लीहेतल्या पेशी तपासल्या. २०११ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात पेशी जवळजवळ निष्क्रिय आढळल्या, संदेशद्रव्ये तयार करण्याची त्यांची ताकदच संपलेली होती. भडका आणि थकवा एकाच शरीरात एकाच वेळी असू शकतात, हे आता मान्य झाले आहे. त्यामुळे स्टेरॉइड कोणाला तारेल हे त्या रुग्णाच्या प्रतिकारशक्तीची त्या दिवशी काय स्थिती आहे यावर ठरते. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीच्या रुग्णांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा ज्यांची प्रतिकारशक्ती तुलनेने शाबूत होती अशा गटात हायड्रोकॉर्टिसोनने मृत्यू वाढलेले दिसले.

ज्ञान इथवर आले असताना कोविड आला. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला स्टेरॉइड सरसकट देऊ नये असा होता. एप्रिलमध्ये लातूर जिल्ह्यात निलंग्यात आणि त्याच महिन्याच्या उत्तरार्धात नांदेड शहरात रुग्ण आढळले. सचखंड श्री हुजूर साहिबच्या यात्रेकरूंसाठी असलेले पंजाब भवन पुढे कोविड केअर सेंटर झाले. लातूरजवळ बारा नंबर पाटी येथे हजार मुला-मुलींच्या शासकीय वसतिगृहाच्या नव्या इमारतीत रुग्ण ठेवले गेले. गंभीर रुग्णांचा भार नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयावर आणि लातूरला शासकीय संस्थेवर पडला. मे २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातल्या ७० जिल्ह्यांत पहिले रक्तद्रव सर्वेक्षण केले. त्यातल्या महाराष्ट्राच्या सहा जिल्ह्यांत नांदेड होता. देशभरात संसर्ग तेव्हा एक टक्क्यालाही पोहोचलेला नव्हता.

१६ जून २०२० रोजी ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निकाल जाहीर झाला. डेक्सामेथासोन रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतला २८ दिवसांचा मृत्युदर ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आणि ऑक्सिजनवरच्यांत २६.२ वरून २३.३ टक्क्यांवर आला. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांच्यात फायदा दिसला नाही. तिथला मृत्युदर स्टेरॉइड घेणाऱ्यांत १७.८ आणि न घेणाऱ्यांत १४.० टक्के होता. २७ जूनला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मध्यम व गंभीर रुग्णांच्या उपचारपद्धतीत डेक्सामेथासोनचा समावेश केला. मराठवाड्यासाठी याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. हजारो रुपयांच्या इंजेक्शनांसाठी रांगा लागण्याच्या काळात, जीव वाचवणारे ठरलेले हे औषध प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटातही असणारे आणि काही रुपयांचे होते.

त्या निकालातले तिसरे वाक्य, म्हणजे ऑक्सिजन लागत नसेल तर देऊ नये हे, दुसऱ्या लाटेत हरवले. मार्च २०२१ मध्ये रुग्णसंख्या इतकी वाढली की नांदेड जिल्ह्यात २५ मार्चपासून ४ एप्रिलपर्यंत टाळेबंदी लावावी लागली. ९ एप्रिलला देगलूरचे आमदार रावसाहेब अंतापूरकर यांचे कोविडने निधन झाले. खाट मिळेल की नाही या धास्तीने लोक लक्षणे दिसताच छातीचा सिटीस्कॅन करून घेऊ लागले. ‘स्कोअर किती?’ हा प्रश्न घराघरांत, फोनवर, दवाखान्याच्या पायऱ्यांवर विचारला जाऊ लागला. पंचवीसपैकी आठ, बारा, अठरा असा आकडा आला की त्यावर औषधे ठरत, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९७ दिसत असले तरी. विषाणू अजून वाढत असताना, पहिल्या तीन-चार दिवसांतच, मेथिलप्रेडनिसोलोनच्या गोळ्या सुरू होत. ३ मे २०२१ रोजी एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात लवकर दिलेले स्टेरॉइड विषाणूच्या वाढीला हातभार लावते असे जाहीरपणे बजावले. तोवर डॉक्टरांच्या चिठ्ठ्या हातोहात फिरून झाल्या होत्या. एकाला लागू पडलेली चिठ्ठी दुसऱ्या घरात तशीच वापरली जाई.

याची किंमत म्युकरमायकोसिसच्या रूपाने चुकवावी लागली. या बुरशीचे बीजाणू मातीत, सडक्या पाल्यात, घरातल्या ओलीत सर्वत्र असतात. निरोगी माणसाच्या पेशी त्यांना नाकातच संपवतात. स्टेरॉइडने त्या पेशी मंदावतात आणि त्याच वेळी रक्तातली साखर वाढून बुरशीला पोषक वातावरण मिळते. ज्यांना आपल्याला मधुमेह आहे हेच माहीत नव्हते, ज्यांची साखर आयुष्यात कधी तपासलीच गेली नव्हती, त्यांच्यात हे अधिक घडण्याची शक्यता होती. गाल सुजणे, दात हलणे, टाळूवर काळा डाग, डोळ्याची पापणी मिटून जाणे अशी लक्षणे घेऊन कोविडमधून बरे होऊन घरी गेलेली माणसे परत येऊ लागली. नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्ह्यांत असे रुग्ण निघाले. कोणाचा वरचा जबडा काढावा लागला, कोणाचा डोळा. मे २०२१ मध्ये राज्य शासनाने हा आजार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत घेतला, आणि २० मे रोजी केंद्राने राज्यांना तो साथरोग कायद्याखाली नोंद करण्याजोगा ठरवण्यास सांगितले. ॲम्फोटेरिसिन-बी मिळेना. मेअखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने त्याचे उत्पादन सुरू केले, तेव्हा थोडा दिलासा मिळाला. देशातल्या १६ केंद्रांच्या अभ्यासात सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मधले कोविडशी संबंधित १८७ म्युकर रुग्ण तपासले गेले होते. त्यात अनियंत्रित मधुमेह सर्वाधिक आढळला, आणि उशिरा होणाऱ्या म्युकरशी स्टेरॉइडच्या अयोग्य वापराचा स्वतंत्र संबंध दिसला. दुसऱ्या लाटेआधीचा हा इशारा जिल्हा पातळीवर पोहोचायला हवा होता.

दबलेल्या प्रतिकारशक्तीचा फायदा केवळ बुरशीच घेते असे नाही. नांदेडशेजारच्या हिंगोली जिल्ह्यातले खासदार राजीव सातव यांचे १६ मे २०२१ रोजी पुण्यात निधन झाले. कोविडनंतर त्यांना सायटोमेगॅलो विषाणूची लागण झाल्याचे तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितले होते. हा विषाणू बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात वर्षानुवर्षे सुप्त असतो आणि प्रदीर्घ गंभीर आजाराने बचाव खालावला की डोके वर काढतो.

जास्त मात्रा अधिक चांगली का, हेही याच काळात तपासले गेले. डेन्मार्क, स्वीडन, स्वित्झर्लंड आणि भारतातल्या रुग्णालयांनी मिळून डेक्सामेथासोन ६ आणि १२ मिलिग्रॅम यांची तुलना केली. त्यात मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉ. शीला मायत्रा यांचा सहभाग होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये निकाल आला. जीवरक्षक यंत्रांविना काढलेले दिवस १२ मिलिग्रॅमच्या गटात २२.० आणि ६ च्या गटात २०.५ होते. हा फरक ठाम म्हणावा इतका नव्हता. सहा मिलिग्रॅम हीच प्रमाण मात्रा राहिली.

जंतूंमुळे होणाऱ्या सेप्टिक शॉकसाठी आजचा नियम असा आहे: रक्तदाब टिकवण्यासाठी नॉरॲड्रेनॅलिन सतत लागत असेल तर हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला २०० मिलिग्रॅम. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने अल्पकाळ दिलेल्या प्रचंड मात्रेविरुद्ध स्पष्ट शिफारस केली, आणि १९७६ चा प्रयोग अधिकृतपणे बाद झाला. मात्र स्टेरॉइडचा क्रम योग्य अँटिबायोटिक, सलाइन आणि ऑक्सिजन यांच्या नंतरचा आहे. माहूर-किनवटहून नांदेड गाठायला ज्या रुग्णाचे तीन-तीन तास जातात, त्याच्या बाबतीत पहिले अँटिबायोटिक तालुक्यालाच मिळणे हे कोणत्याही स्टेरॉइडपेक्षा अधिक जीव वाचवेल.

वाचकांकडून तीन गोष्टींची अपेक्षा आहे. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय डेक्सा किंवा प्रेडनिसोलोन घेऊ नये, आणि आठवड्यांहून अधिक काळ सुरू असलेले स्टेरॉइड डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करू नये. आणि रुग्णालयातून सुट्टी मिळताना कोणते स्टेरॉइड, किती मात्रेत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत दिले आणि त्या काळात साखर किती होती, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून मागावे.